ओळख आधी, नेम नंतर : अमेरिकेतील शिकाऱ्यांची आवडती बदके

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांची वस्ती मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आर्कान्सा, लुइझियाना किंवा मेरीलँड यांसारख्या जलसमृद्ध राज्यांत आहे, त्यांना शरद ऋतू लागला की शेजाऱ्यांच्या आणि कचेरीतील सहकाऱ्यांच्या तोंडून बदकांच्या शिकारीच्या वार्ता ऐकावयास मिळतात, आणि कधी ना कधी तळ्यावर बरोबर येण्याचे आमंत्रणही मिळते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस मनाई झाल्यामुळे आपल्या दोन पिढ्यांना या विद्येचा परिचय राहिलेला नाही. म्हणून असे आमंत्रण आले असता पुष्कळांच्या मनात कुतूहल आणि संकोच यांचे द्वंद्व उभे राहते. त्यांनी जावे की न जावे, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. परंतु जावयाचे ठरले, तर तेथील शिकारी कोणत्या बदकांना पसंती देतात, ती का देतात, आणि त्या पसंतीला कायद्याने कोणती वेसण घातली आहे, हे आधी समजून घेणे अगत्याचे आहे. या लेखात एकच गोष्ट मुख्यत्वे सांगावयाची आहे : जो पक्षी उडत असता ओळखता येत नाही, त्याच्यावर बंदूक उचलण्याचा अधिकार शिकाऱ्यास पोहोचत नाही.

कायद्याची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बदके मारणे हा राजरोस व्यापार होता. मेरीलँडजवळच्या चेसापीक उपसागरात होडीवर बसविलेल्या तोफवजा बंदुकीने एकाच बारात डझनावारी पक्षी पाडावेत आणि बाल्टिमोर व न्यूयॉर्क येथील उपाहारगृहांना पिंपे भरून पाठवावेत, असा तो क्रम होता. या संहाराला पायबंद घालण्यासाठी १९१६ साली कॅनडाच्या वतीने ग्रेट ब्रिटनशी करार झाला, आणि त्या कराराची अंमलबजावणी करणारा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा १९१८ साली मंजूर होऊन शिकार केलेल्या बदकांच्या विक्रीस बंदी आली. पुढे १९३० नंतरच्या दशकात भीषण अवर्षण पडून उत्तरेकडील गवताळ प्रदेशातील तळी आटली, तेव्हा केवळ बंदुकीवर बंधन घालून भागणार नाही, पक्ष्यांचे पाणी आणि जमीनही राखली पाहिजे, हे जाणत्या लोकांच्या ध्यानी आले.

त्यातून १९३४ साली ‘डक स्टँप’ या नावाने ओळखला जाणारा संघीय मुद्रांक जन्मास आला. पहिल्या मुद्रांकावरील उतरत्या मॅलार्ड बदकांचे चित्र ‘डिंग’ डार्लिंग या ख्यातनाम व्यंगचित्रकाराने काढले होते आणि त्याची किंमत एक डॉलर होती. आज ती पंचवीस डॉलर असून, त्यातील प्रत्येक डॉलरमागे अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जमिनी विकत घेण्याकडे किंवा त्यांच्या रक्षणाकडे खर्च होतात. बंदुका व काडतुसे यांवरील संघीय करही १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामी लावून दिलेला आहे. तात्पर्य, तेथील शिकारी हा बदकांचा उपभोग घेणारा आहे, तसाच त्यांच्या अधिवासाचा खर्च उचलणाराही आहे. ही व्यवस्था ध्यानात घेतल्याखेरीज तेथील नियमांचा आशय उमगत नाही.

कागदपत्रे आणि नियम

नवख्या माणसाने बंदुकीच्या दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी कागदपत्रांची पूर्तता करावी. प्रथम राज्याच्या वन्यजीव खात्याचा शिकार-प्रशिक्षणाचा पाठ्यक्रम पुरा करून दाखला मिळवावा; मग राज्याचा परवाना घ्यावा; त्याच वेळी स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीची जी स्वतंत्र नोंदणी असते ती करावी; आणि वय सोळा किंवा त्याहून अधिक असल्यास संघीय मुद्रांक विकत घेऊन, कागदी मुद्रांक असेल तर त्यावर शाईने सही करून तो जवळ बाळगावा. यांपैकी एकाही कागदाची उणीव असेल, तर तळ्यावर तपासणीस आलेल्या अंमलदारापुढे कोणतीही सबब चालत नाही.

आपल्या लोकांनी आणखी एका गोष्टीची विशेष खबरदारी घ्यावी. नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्या, नोकरीच्या वा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीस बंदूक अथवा काडतुसे बाळगण्यास संघीय कायद्याने सामान्यतः मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्या मनाईला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक होय. तथापि राज्याराज्यांचे कायदे भिन्न असल्यामुळे आणि या बाबतीतील कसुरीचे परिणाम वास्तव्याच्या हक्कापर्यंत जाऊन भिडत असल्यामुळे, मित्राची बंदूक क्षणभर हाती धरण्यापूर्वीदेखील जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. ज्यांना ही जोखीम नको असेल त्यांनी दुर्बीण घेऊन सोबत जावे.

शिकारीचे मूळ नियम थोडक्यात असे आहेत. बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा अधिक काडतुसे मावता कामा नयेत. छर्रे शिशाचे नसावेत. तळ्याच्या तळाशी पडलेले शिसे चरणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात जाऊन ते विषबाधेने मरतात, म्हणून १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत देशभर पोलाद, बिस्मथ किंवा तत्सम निर्विष धातूंचेच छर्रे वापरावे लागतात. दाणे टाकून बदके गोळा केलेल्या ठिकाणी शिकार करणे, जिवंत बदके आमिष म्हणून बांधणे आणि ध्वनिमुद्रित आवाज वाजविणे निषिद्ध आहे. शिकारीची वेळ सामान्यतः सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तापर्यंत असते.

दैनिक मर्यादेचा नियम मात्र विस्ताराने समजून घेतला पाहिजे, कारण प्रस्तुत विषयाचे मर्म त्यातच आहे. स्थलांतरित पक्ष्यांच्या व्यवस्थेसाठी देशाचे चार उड्डाणमार्ग कल्पिलेले आहेत : अटलांटिक, मिसिसिपी, मध्य आणि पॅसिफिक. १९५५ पासून प्रतिवर्षी वसंत ऋतूच्या अखेरीस अमेरिका व कॅनडा यांचे निरीक्षक विमानातून पाहणी करून वीण घालणाऱ्या बदकांची गणना करतात, आणि त्या आधारे प्रत्येक मार्गाचा हंगाम व मर्यादा ठरते. एकूण मर्यादा गेली कित्येक वर्षे पहिल्या तीन मार्गांत दिवसाला सहा आणि पॅसिफिक मार्गावर सात बदकांची आहे. पण त्या सहांत अमुक जातीची इतकीच, तमुक जातीची इतकीच, मॅलार्डच्या माद्या इतक्याच, असे पोटनियम असतात आणि ते बदलतात. म्हणून चालू वर्षाचे पत्रक राज्याच्या खात्याकडून घेऊन तेच प्रमाण मानावे. पक्षी खाली पडल्यावर जात ओळखणे हे या नियमांपुढे निरर्थक ठरते, हे सुज्ञ वाचकास सांगावयास नको.

शिकाऱ्यांच्या पसंतीची बदके

बदकांचे दोन मोठे वर्ग पडतात. उथळ पाण्यात डोके खाली व शेपूट वर करून चरणारी बदके उडताना पाण्यावरून एकदम सरळ वर उसळतात. खोल पाण्यात बुडी मारून चरणारी बदके मात्र पाण्यावर काही अंतर पाय मारीत धावल्याशिवाय हवेत उठू शकत नाहीत. दुरून दिसणारा हा भेद लक्षात ठेवला की निम्मी ओळख सिद्ध होते. पहिल्या वर्गाचा आहार मुख्यतः धान्य, बिया व कोवळ्या वनस्पती यांचा असल्याने त्यांचे मांस सामान्यतः अधिक रुचकर मानले जाते, आणि शिकाऱ्यांची पसंती बहुशः त्यांच्याकडे झुकते.

या वर्गात मॅलार्डचे स्थान अग्रगण्य आहे. नराचे तकतकीत हिरवे डोके, गळ्याभोवतीचे पांढरे कडे, तपकिरी छाती आणि शेपटीवरची कुरळी काळी पिसे ही ओळखीची ठळक लक्षणे. मादी पिंगट व ठिपकेदार असते, आणि दोघांच्याही पंखांवर पांढऱ्या कडांचा निळा पट्टा चमकतो. त्याची संख्या मोठी आहे, तो जवळजवळ प्रत्येक राज्यात आढळतो, देहाने भरदार असून मका व भात यांच्या शेतांत चरून पुष्ट होतो. परंतु त्याच्या लोकप्रियतेचे खरे कारण असे, की तो माणसाच्या शिट्टीला प्रतिसाद देतो. मादीच्या खणखणीत, उतरत जाणाऱ्या हाकेची नक्कल कुशलतेने केली असता उंचावरून जाणारा थवा वळतो, घिरट्या घालतो आणि पंख आवळून खाली येऊ लागतो. आर्कान्सा राज्यातील स्टटगार्ट हे गाव भातशेती आणि पाण्याने भरलेली ओकची जंगले यांमुळे मॅलार्डच्या शिकारीचे माहेरघर बनले असून, १९३६ पासून तेथे बदकांची हाक घालण्याची स्पर्धा भरत आलेली आहे. नवशिक्याने पहिली जात म्हणून मॅलार्डच निवडावा, आणि त्यातही नरच निवडण्याची सवय आरंभापासून लावून घ्यावी. पुढील वर्षीची वीण मादीवर अवलंबून असते, हे त्यामागील उघड कारण आहे.

सौंदर्याच्या दृष्टीने पाहता पिनटेल, म्हणजे आपल्याकडचे तलवार बदक, अनेक जुन्या शिकाऱ्यांना मॅलार्डहून प्रिय आहे. लांबसडक मान, चॉकलेटी डोक्यावर चढत गेलेली पांढरी रेघ, सुईसारखी निमुळती शेपटी आणि अत्यंत डौलदार उड्डाण यांमुळे हे बदक आकाशात लगेच उठून दिसते. हा पक्षी सावध असतो; पुष्कळ उंचीवरून वारंवार घिरट्या घालूनही शेवटी उतरत नाही. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातील भातशेते हे त्याचे हिवाळी ठाणे होय. गवताळ प्रदेशातील कापणी झालेल्या शेतांत तो उघड्यावर घरटे करतो आणि वसंतातील नांगरटीत ती घरटी नष्ट होतात. त्यामुळे त्याची संख्या पूर्वपदावर आलेली नाही आणि दीर्घकाळ त्याची दैनिक मर्यादा एक किंवा दोनच राहिली होती. ज्याला एक नर पिनटेल मिळाला, त्याने त्या जातीपुरते समाधान मानावे, हे उत्तम.

टील या लहानखुऱ्या बदकांची आवड निराळ्या कारणासाठी आहे. हिरव्या पंखाचा टील, जो आपल्या चक्रांग बदकाचा अगदी जवळचा भाऊबंद, तेथील चरणाऱ्या बदकांत सर्वांत लहान; वजनाने साधारण साडेतीनशे ग्रॅम. निळ्या पंखाचा टील थंडीची चाहूल लागताच दक्षिणेची वाट धरतो आणि दक्षिण अमेरिकेपर्यंत जातो. म्हणून अनेक राज्यांत सप्टेंबरमध्ये केवळ टीलसाठी स्वतंत्र हंगाम ठेवलेला असतो. त्यांचे थवे पाण्यालगत वेगाने येतात आणि एकदम दिशा बदलतात, त्यामुळे नेमबाजीची मोठी कसोटी लागते. मांस कोवळे व चविष्ट असते. तथापि सप्टेंबरच्या हंगामात नवख्याने अत्यंत सावध राहावे. त्या दिवसांत अनेक जातींचे नर आपला रंगीत पिसारा टाकून माद्यांसारखे पिंगट झालेले असतात, आणि टील समजून दुसऱ्या जातीचे बदक पाडणे हा गुन्हा ठरतो.

वुड डक हे पाण्याने वेढलेल्या जंगलाचे भूषण होय. नराच्या अंगावरील हिरवा, जांभळा, तांबूस व पांढरा रंग पाहून प्रथमदर्शनी तो पाळीव शोभेचा पक्षी वाटावा. हे बदक झाडांच्या ढोलीत घरटे करते. जुनी झाडे तुटली आणि अनिर्बंध शिकार चालली, तेव्हा विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याचे भवितव्य अनिश्चित झाले होते. १९१८ पासून १९४१ पर्यंत त्याची शिकार पूर्ण बंद ठेवण्यात आली, लोकांनी तळ्याकाठी लाकडी पेट्या टांगून कृत्रिम ढोली पुरविल्या, आणि आज पूर्वेकडील राज्यांत त्याची गणना सर्वाधिक शिकार होणाऱ्या बदकांत होते. पहाटेच्या अंधूक प्रकाशात तो झाडांमधून वाट काढीत वेगाने जातो आणि मादी किंचाळल्यासारखा उंच स्वर काढते. त्या स्वरावरून त्याला निश्चित ओळखता येते.

बुडी मारणाऱ्या वर्गात कॅनव्हासबॅकला राजाचा मान आहे. कपाळापासून चोचीपर्यंत सरळ उतरत गेलेली रेषा, तांबूस डोके, काळी छाती आणि शुभ्र पाठ अशी त्याची आकृती असते. चेसापीकमध्ये उगवणाऱ्या रानटी सेलरीच्या कंदांवर पोसल्यामुळे त्याच्या मांसास जी चव येई, तिच्यामुळेच गतशतकांतील खवय्यांनी त्यास डोक्यावर घेतले आणि व्यापारी शिकाऱ्यांनी त्याचा फडशा पाडला. पुढे पाणी दूषित होऊन त्या वनस्पती घटल्या, तसा या बदकाचा त्या उपसागरातील हिवाळी मेळावाही ओसरला. काही वर्षे त्याची शिकार बंदच राहिली, आणि खुली असते तेव्हाही मर्यादा तोकडीच असते. रेडहेड हे बदक त्याच्याशी इतके मिळतेजुळते आहे की गफलत सहज होते. रेडहेडचे कपाळ गोलसर व पाठ करडी असते, हा फरक ध्यानी धरावा. त्या जातीचा बहुसंख्य भाग हिवाळ्यात टेक्सासच्या लागुना माद्रे या खाडीत उतरतो.

उरलेल्या जातींपैकी गॅडवॉल हे करड्या रंगाचे, दिसावयास साधे बदक लुइझियानाच्या दलदलीत फार आवडीचे आहे. पंखावरचा चौकोनी पांढरा ठिपका ही त्याची खूण. विजनच्या नराचा माथा पांढरा असतो व तो शिट्टीसारखा स्वर काढतो. अटलांटिक किनाऱ्यावरील काळे बदक मॅलार्डच्या मादीसारखे पण बरेच गडद असून त्याच्या पंखावरील जांभळ्या पट्ट्यास पांढऱ्या कडा नसतात. तेथे ही ओळख पक्की नसेल तर गोळी झाडूच नये. शव्हलर, म्हणजे आपला थापट्या, रुंद चोचीने पाणी गाळून खातो. त्याच्या चवीविषयी मते कमालीची भिन्न आहेत.

नेम धरण्यापूर्वी आणि नंतर

ओळख करताना रंगावर विसंबू नये, कारण पहाटेच्या उजेडात रंग दिसतच नाही. प्रथम आकार पाहावा, मग मानेची लांबी, पंखांची गती, थव्याची रचना आणि आवाज. मॅलार्डच्या पंखांची फडफड संथ, टीलची अतिशय द्रुत. पिनटेल लांबट, कॅनव्हासबॅक भरीव. ही दृष्टी पुस्तकावरून येत नाही. ती तळ्याच्या काठी बसून कमवावी लागते.

पाण्यावर मांडावयाची कृत्रिम बदके, ज्यांना तेथे डिकॉय म्हणतात, ती वारा आपल्या पाठीशी राहील अशा बेताने लावावीत. कारण बदक वाऱ्याला तोंड देऊन उतरते, आणि तसे केल्याने ते समोरून येते. मध्यभागी उतरण्यास मोकळी जागा ठेवावी. तीस-पस्तीस यार्डांपलीकडे नेम धरू नये. लांबच्या नेमाने पक्षी मरण्यापेक्षा जखमी होऊन भरकटण्याचा संभव अधिक असतो. मॅलार्डसाठी पोलादी छऱ्यांचा दोन नंबर आणि टील किंवा वुड डकसाठी चार नंबर हा सामान्य प्रघात आहे. थव्यावर सरसकट बार न टाकता एक पक्षी निवडावा आणि तो हाती येईपर्यंत दुसऱ्याकडे पाहू नये. पडलेला पक्षी शोधण्याचा मनःपूर्वक प्रयत्न करणे हे कायद्यानेही बंधनकारक आहे. म्हणूनच लॅब्रॅडॉर किंवा चेसापीक जातीचा शिकवलेला कुत्रा अनुभवी शिकारी आवर्जून जवळ बाळगतात.

स्वतःच्या जिवाचीही हेळसांड करू नये. नोव्हेंबरमधील पाणी गोठणबिंदूच्या जवळ असते. छातीपर्यंतचे रबरी कपडे घालून खोल पाण्यात पडल्यास वर येणे कठीण होते. होडीत तरंगजाकीट घातल्याखेरीज बसू नये आणि एकट्याने जाऊ नये.

घरी परतताना प्रत्येक पक्ष्याचे डोके किंवा पिसांसह एक पंख शाबूत ठेवावा, म्हणजे तपासणीत जात पटविता येते. अलीकडच्या वर्षांत उत्तर अमेरिकेतील रानपक्ष्यांत बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झालेला आहे; म्हणून मेलेले वा आजारी दिसणारे पक्षी हाताळू नयेत, साफ करताना हातमोजे घालावेत, आणि मांस आतपर्यंत चौऱ्याहत्तर अंश सेल्सियसला शिजवावे. रश्श्यात घालण्यापूर्वी छर्रे बोटांनी चाचपून काढावेत. पाडलेला पक्षी खाल्ला गेलाच पाहिजे. तो वाया घालविणे ही शिकारीच्या धर्माशी प्रतारणा होय.

याच पिनटेल, थापट्या व गॅडवॉल या जाती हिवाळ्यात आपल्या नांदूर मध्यमेश्वर, उजनी आणि जायकवाडीच्या पाण्यावरही उतरतात. तेथे मात्र त्यांना पाहण्यापलीकडे कोणताही अधिकार आपणास नाही, आणि तो असूही नये. अमेरिकेत कायद्याने जो अधिकार दिला आहे, तो पाणथळ जमिनींच्या रक्षणाशी आणि पक्ष्यांच्या गणनेशी बांधलेला आहे. म्हणून वाचकांस आग्रहाची विनंती अशी, की पहिला संपूर्ण हंगाम बंदुकीविना, केवळ दुर्बीण व वही घेऊन तळ्यावर काढावा. शिकार करावयाची असो वा नसो, पंचवीस डॉलरचा मुद्रांक अवश्य विकत घ्यावा. आणि उडत्या थव्यातील प्रत्येक जात निःशंकपणे सांगता येऊ लागल्यावरच परवान्यासाठी अर्ज करावा.